पोढीचे पाणी आणि वैद्यकाची विद्यार्थिनी



गेल्या वैशाख पौर्णिमेस आम्ही कार्ल्याच्या लेण्यावर गेलो होतो. मळवलीस गाडीतून उतरून वेहेरगावच्या पायऱ्या चढेपर्यंत ऊन चांगलेच तापले. ज्या गावाच्या नावातच विहार दडलेला आहे त्या गावाच्या पायऱ्यांवर त्या दिवशीही माणसांची रीघ होती. पण ती सारी एकवीरेच्या देवळाकडे वळत होती. देवळाच्या शेजारीच, सिंहस्तंभाच्या आत, भारतातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहात आपली चार-पाच कुटुंबे तेवढी त्रिशरण-पंचशील घेऊन बसली होती.

वंदना आटोपल्यावर एक माउली आम्हांजवळ आली. बरोबर तिची मुलगी होती, वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. माउली म्हणाली, "साहेब, आपण वकील आहात, आपले ती ऐकेल. दर रविवारी ही मावळातल्या वाड्यावस्त्या हिंडते. पाणी कुठून भरता, कोण कुठल्या विहिरीवर जाते, साप चावल्यावर आधी कुणाकडे नेता, हे विचारून वहीत लिहिते. ग्रामपंचायतीला अर्ज लिहून देते. आता चार पोरेही हिच्यामागे फिरू लागली. आम्ही हिला डॉक्टर व्हायला पाठविली, पुढारीपण करायला नाही." मुलगी काही बोलली नाही. ती लेण्याच्या पोढीत वाकून पाहत होती. थोड्या वेळाने तिने आम्हांस एवढेच विचारले, "ही टाकी ज्यांनी खोदविली त्यांनी आधी पाण्याचा विचार केला की मूर्तीचा?"

त्या माउलीस तेथल्या तेथे उत्तर देणे आम्हांस साधले नाही. ते येथे देत आहोत, कारण ही काळजी एका घरची नाही. आज आपल्यातल्या अनेक घरांतील मुले-मुली वैद्यकाच्या वाटेने निघाली आहेत, आणि त्यांच्या आई-बापांच्या मनात हाच प्रश्न आहे: आपल्या लेकराने निमूटपणे डॉक्टर व्हावे, की रोग्याच्या बाजूने बोलावयासही शिकावे?

आपण धम्म स्वीकारला आहे, तेव्हा प्रथम धम्माच्या इतिहासातील सर्वांत थोर वैद्यकविद्यार्थी कोण हे पाहू. त्याचे नाव जीवक. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची धम्मदीक्षा आली आहे, म्हणून नाव आपणांस ठाऊक असेल. पण विनयपिटकातले त्याचे चरित्र घरोघर सांगितले गेलेले नाही. राजगृहात एका गणिकेच्या पोटी जन्मलेले हे मूल जन्मताच उकिरड्यावर टाकण्यात आले. कावळे भोवती जमले होते. अभय राजकुमाराने विचारले, काय आहे ते? लोक म्हणाले, मूल आहे. जिवंत आहे काय? जिवंत आहे. म्हणून तो जीवक. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर टाकण्यात आले होते, त्यांना ह्या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

हा मुलगा तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्यास कुदळ देऊन सांगितले की तक्षशिलेभोवती एक योजनभर फीर आणि जिचा औषधास उपयोग नाही अशी वनस्पती आण. तो रित्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती त्यास आढळली नव्हती. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पुरे झाले. वाटेत साकेत नगरीत त्याने एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी बरी केली, सोळा हजार कार्षापण मिळविले, आणि ती पहिली कमाई घेऊन तो थेट अभयापुढे उभा राहिला. मला वाढविल्याचे हे ऋण, असे म्हणाला. माउलींनो, मुलाच्या पहिल्या कमाईची वाट पाहण्यात काही गैर नाही, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे. जीवकानेही ती आणून दिली होती.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. तो बिंबिसार राजाचा वैद्य झाला, तथागतांचा आणि संघाचा वैद्य झाला. तेव्हा मगधात पाच रोगांची साथ होती. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार अशी त्यांतली नावे आहेत. सामान्य लोक त्याच्या दारी आले आणि म्हणाले, आमचे सारे धन घे, आम्हांस दास करून घे, पण आम्हांस बरे कर. जीवक म्हणाला, मला वेळ नाही. राजा आहे, अंतःपुर आहे, संघ आहे. मग त्या लोकांनी काय केले? ते भिक्षू झाले. चीवर घातले की उपचार मिळत, आणि बरे झाले की चीवर उतरवून ते घरी जात. हे उघडकीस आल्यावर जीवकाच्याच विनंतीवरून अशा रोग्यांस प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला.

ही कथा वाचताना आम्हांस नेहमी अवघड वाटते. नियम योग्य असेल. पण त्या रोग्यांचे पुढे काय झाले हे ग्रंथ सांगत नाही. दोष जीवकाचा नव्हे. एका वैद्याच्या दोन हातांना एका राज्याचा आजार पुरा पडत नसतो. औषधासाठी ज्या माणसास चीवर पांघरावे लागते, त्यास वैद्याइतकीच गरज व्यवस्थेची असते. आणि जीवकास हे उमगले होते, असे मानावयास आधार आहे. पुढे वैशालीत तो गेला असता, गोडाधोडाच्या भोजनांनी भिक्षू स्थूल आणि रोगी झालेले त्यास दिसले. त्याने एकेकास काढा पाजला नाही. तो तथागतांकडे गेला आणि म्हणाला, भिक्षूंना चंक्रमणास जागा द्या आणि स्नानगृह द्या, म्हणजे ते निरोगी होतील. तथागतांनी दोन्हींस अनुज्ञा दिली. रोग्यास सोडून रोगाच्या कारणाकडे वळलेला आणि त्यासाठी सत्तेच्या स्थानी जाऊन नियम बदलून घेणारा हा वैद्य होता. त्या मुलीच्या वहीत आणि जीवकाच्या विनंतीत आम्हांस तरी जातीचा फरक दिसत नाही. फरक फक्त काळाचा आहे.

कार्ल्याच्या डोंगरावर, ज्यास लेखांत वलूरक म्हटले आहे, ह्याच विचाराची खूण दगडात आहे. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी, धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त, तिथलाच सुतार सामी, अनेक यवन उपासक, अशांनी आपापला वाटा दिला आणि हे लेणे उभे राहिले. चैत्य आणि विहार ह्यांच्याबरोबर डोंगराचे पाणी साठविणाऱ्या पोढ्या खोदणे हाही पुण्याचाच भाग होता. वैद्यही ह्या दात्यांत मागे नव्हते. पितळखोऱ्याच्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचे दान कोरलेले आहे, आणि त्याच्या मुलाचे व मुलीचेही. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या महाराष्ट्रात एका वैद्याचे अख्खे घर लोकांच्या कामी आले होते, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९७० च्या सुमारास मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एक तरुण एम. बी. बी. एस. होऊन बाहेर पडला आणि साताऱ्यास दवाखाना थाटून त्याने बारा वर्षे रोगी तपासले. विद्यार्थीदशेत तो नावाजलेला कबड्डीपटू होता. त्याचे नाव डॉ. नरेंद्र दाभोलकर. जन्माने ते आपल्या वस्तीतले नव्हते, आणि देवाधर्माच्या प्रश्नावर त्यांचा व आपला मार्गही अगदी एक नव्हता. देव मानणाऱ्याला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, अशी त्यांची भूमिका, तर आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. तरी हा माणूस आपण समजून घेतला पाहिजे. चांगला चालता दवाखाना त्यांनी सोडला तो वैद्यकास कंटाळून नव्हे. दवाखान्याच्या दारापर्यंत न पोहोचणारा रोगी हा त्यांचा विषय झाला. जो रोगी आधी देवऋष्याकडे, मग भगताकडे, आणि हात-पाय गार पडल्यावर डॉक्टरकडे येतो, त्यास वाचविण्याची जागा दवाखान्यात नसते. ती वाटेवर असते. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करून ते त्या वाटेवर जाऊन उभे राहिले. साताऱ्यात व्यसनमुक्तीचे केंद्र चालविले, १९९८ पासून 'साधना' साप्ताहिक संपादिले, आणि एका कायद्यासाठी विधिमंडळाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजविल्या. मसुदे झाले, बदलले, बारगळले, पुन्हा झाले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे नाव असलेल्या पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जो कायदा ते जिवंतपणी मागत होते तो त्याच महिन्यात अध्यादेश म्हणून निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केला. मारेकरी म्हणून दोघांस पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी जन्मठेप दिली. तिघे निर्दोष सुटले.

ह्या कायद्याचे लांबलचक नाव पाठ करण्याची आवश्यकता नाही. लोक त्यास जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. पण त्याच्या अनुसूचीतील एक कलम आमच्या मावळी वाचकांनी घरात वाचून दाखवावे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ज्या भागात आषाढात गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहून भाताची लावणी करावी लागते, तेथे हे कलम म्हणजे प्रतिविषाच्या कुपीइतकेच मोलाचे आहे. कुपी नुसती आरोग्य केंद्रात असून भागत नाही. माणूस तेथपर्यंत वेळेत नेला गेला पाहिजे, आणि नेल्यावर ती तेथे असलीही पाहिजे. पहिल्या गोष्टीसाठी वस्तीत बोलणारा माणूस लागतो, दुसरीसाठी अधिकाऱ्यास विचारणारा. दोन्ही कामे डॉक्टराने केली तर त्याच्या शब्दास जे वजन येते ते आम्हां वकिलांच्या शब्दास येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दाभोलकर ज्यांच्या 'एक गाव एक पाणवठा' मोहिमेत सामील झाले होते ते डॉ. बाबा आढाव हेही वैद्यच. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्या ह्या पुण्याच्या डॉक्टराने हमालांची पाठ तपासता तपासता पाठीवरच्या पोत्याकडे पाहिले. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणा, ही हमाल पंचायतीची मागणी मणक्याच्या कोणत्याही मलमापेक्षा गुणकारी होती. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषास ५५ किलोची मर्यादा घातली. आढाव २०२५ साली पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

पाणवठ्याची गोष्ट निघाली म्हणून चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडास जे पाणी ओंजळीत घेतले, तो माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता हे आपण सारे म्हणतोच. तो आरोग्याचाही प्रश्न होता हे फारसे कोणी म्हणत नाही. ज्यास सार्वजनिक पाणी मना, तो डबक्याचे पितो. आणि त्यास होणारा रोग मग त्याच्या अस्वच्छतेच्या नावे मांडला जातो. त्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. आपणांस पाणी मिळू नये म्हणून जे वादी न्यायालयात गेले होते त्यांतल्या एकाचे आडनाव वैद्य होते. असो.

आता त्या खुर्चीविषयी, जिच्यावर आज ती मुलगी महाविद्यालयात बसते. ती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. मद्रास प्रांतात वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांच्या दर १४ जागांपैकी २ अस्पृश्यांसाठी, अशी जातवार वाटणी होती. ती सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन् खटल्यात ९ एप्रिल १९५१ रोजी रद्द ठरविली. हा वाद ज्या अर्जदार बाईंच्या नावे ओळखला जातो त्यांचे गाऱ्हाणे वैद्यकीय प्रवेशाचेच होते. बाबासाहेब तेव्हा विधिमंत्री होते. तीन महिन्यांच्या आत, जून १९५१ मध्ये, संविधानाची पहिली दुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले. वैद्यकाच्या एका जागेसाठी ह्या देशाचे संविधान बदलावे लागले आहे. आणि धम्मदीक्षेमुळे आपले हक्क गेले, अशी जी भीती दीर्घकाळ खरी होती, ती १९९० च्या दुरुस्तीने दूर झाली; बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींस केंद्रातही तो दर्जा मिळाला. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी मुलांचे जातीचे प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र बारावीच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवावे. आमच्याकडे दर पावसाळ्यात रडत येणारे पालक ह्याच एका दिरंगाईचे बळी असतात.

जागा मिळाली म्हणजे मान मिळाला असे मात्र होत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी ह्यांनी आपला जीव दिला. जळगावकडच्या आदिवासी घरातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला न्यायालयात गेला. त्यावर आम्ही येथे मत देणार नाही. पण आपल्या मुलीस "तू फक्त अभ्यास कर, कोणाशी बोलू नकोस" असे बजावणाऱ्या प्रत्येक पालकाने हे ध्यानात घ्यावे की एकटेपणा हे संरक्षण नव्हे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहे. पण कायद्यास हाक मारणारा आवाज आधी असावा लागतो. जी मुलगी ग्रामपंचायतीत उभी राहून पाण्याविषयी विचारू शकते, ती वसतिगृहातही उभी राहू शकेल.

वकील म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अत्याचाराच्या खटल्यात आम्ही साक्षीदार उभे करतो, पण पुष्कळदा प्रकरण तरते किंवा बुडते ते डॉक्टराच्या चार ओळींवर. जखम कोठे, किती लांब, किती जुनी, कशाने झालेली. तपासणीची वेळ कोणती. १९९५ च्या नियमांप्रमाणे काही गुन्ह्यांत पीडितास मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा हप्तादेखील वैद्यकीय तपासणीशी बांधलेला आहे. घाईत लिहिलेले "किरकोळ मार" हे दोन शब्द पुसून काढावयास आम्हांस एकदा सहा वर्षे लागली, आणि तरी ते पुरते पुसले गेले नाहीत. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वैद्यकविद्यार्थ्यास भेटलो की न्यायवैद्यकाचा विषय गांभीर्याने शीक, असे सांगतो. मुले हसतात, तो विषय त्यांना रुक्ष वाटतो.

रोग्यास परत पाठविणे हाही आता नशिबाचा भाग राहिलेला नाही. बंगालमध्ये आगगाडीतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका शेतमजुरास सरकारी रुग्णालये एकामागून एक जागा नाही म्हणून परत पाठवीत गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरविला. आणि ह्या राज्यातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. हे आपल्या वस्तीत कोणी कोणास सांगितले आहे काय?

तेव्हा त्या माउलीस आमचे उत्तर. आपली काळजी खोटी नाही. पुढारीपण हे अभ्यास बुडविण्याचे निमित्त होऊ शकते. तसे झालेले तरुण आम्ही पाहिले आहेत, आणि अर्ध्यावर सोडलेल्या वैद्यकाचा समाजास काडीचाही उपयोग नाही. जीवकाने सात वर्षे पुरी केली होती. दाभोलकरांनी आधी पदवी घेतली, मग बारा वर्षे रोगी पाहिले. मुलीनेही परीक्षेच्या आधीचे दोन महिने वही मिटून ठेवावी. हे आम्ही तिला सांगितले आहे आणि तिने ते मानले आहे. धोकाही आहे, पुलावर काय घडले ते आम्ही वर लिहिलेच आहे, ते लपवून आपणांस धीर देण्याची आमची इच्छा नाही.

परंतु तिला थांबवू नये. तिच्या वहीतला एक अर्ज आम्ही वाचला. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा शासनाचा निकष आहे. तिने आपल्या बाजूच्या वाड्यांची लोकसंख्या जमवून तो पडताळून पाहिला आहे. दुसऱ्या अर्जात तिने विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचे गेल्या वर्षाचे अहवाल मागितले आहेत. त्यात कायद्याच्या दृष्टीने दोन चुका होत्या. अर्ज माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे हवा होता, आणि दहा रुपयांचे शुल्क जोडावयाचे राहिले होते. त्या दुरुस्त करून दिल्या. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. न आल्यास पहिले अपील कोठे करावयाचे तेही कागदावर लिहून दिले आहे.

पुढच्या रविवारी ती ज्या वाडीस जाणार आहे तेथे बायका पुरुषांसमोर पाण्याविषयी आणि बाळंतपणाविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि एकट्या तरुण मुलीसमोरही बोलत नाहीत. माउली, आपण तिच्याबरोबर जावे.